शनिवारची ऑर्डर

सियागंजच्या मागे, जिथे मिरच्यांच्या गोण्यांपाशी
शिंक आल्यावाचून गल्ली संपत नाही,
तिथे अब्देअलींची बेकरी.
आईच्या वेळी ऑर्डर एका ओळीची होती:
महिन्याचा पहिला रविवार, मिशनचं देऊळ,
एक मोठा पाव. वर तीळ नकोत.

मग ऐक्याचं वर्ष आलं.
मी तिसरीत. आम्हाला पांढरी फीत मिळाली
फ्रॉकला टाचायला.
सगळ्या मिशनांची मिळून एकच मंडळी होणार
म्हणून घंटा इतकी वाजवली
की दोर तुटून सिलासकाका भांबळ पायरीवर बसलेच.
हसू नये. हसलो.

त्याच रात्री आमच्या ओट्यावर
रूफसमामा बाबांना म्हणाले,
"बिशप म्हणजे मागच्या दाराने आलेला पोप."
बाबा म्हणाले, "चहा घे."
मामांनी घेतला नाही.
त्या कपावर धरलेली साय मला अजून दिसते.

पुढच्या महिन्यापासून दोन पाव.
मामी यायच्या, पदर नीट करायच्या,
आईच्या मागे रांगेत उभ्या राहायच्या
आणि बरणीतल्या खारीकडे बघत बसायच्या.
तिकडे कोर्टात दावा चालला, बावीस वर्षं:
बाक कुणाचे, पेटी कुणाची,
कडुलिंबाची सावली कुणाच्या हद्दीत पडते.
प्रभुभोजनाचा चांदीचा पेला
बँकेच्या लॉकरमध्ये, दोन्ही पक्षांच्या सह्यांनी सीलबंद.
ज्यातून सगळ्यांनी प्यायचं
तो कुणाच्याच ओठांना लागला नाही.
वकील दोघांचेही जैन होते. दारूच्या थेंबावर
इतकी फी त्यांना पुन्हा कुणी दिली नसेल.

तिसरा पाव हन्नाताईचा.
नवलख्याला टायरच्या दुकानावर हॉल निघाला,
तिथल्या हौदातून ती ओल्या केसांनी घरी आली.
"प्रिस्के, डोक्यावर पाणी घालून भागत नाही,
पाण्यात डोकं घालावं लागतं."
मी म्हटलं, "टॉवेल घे."
आमच्या घरात असंच. मोठ्या प्रश्नाला
हाताशी असेल ती वस्तू देतात.

चौथ्याचं फारसं सांगण्यासारखं नाही.
हॉलवाल्यांत ड्रमसेटच्या हप्त्यावरून फाटलं.
दोन्हीकडचे म्हणतात, आत्म्यानेच वाट दाखवली.
दाखवली असेल. इंदूरचे रस्ते आहेत,
खोदलेले. चुकतं माणूस.

आता मामी नाहीत. हन्नाताईचे गुडघे गेले.
ड्रमवाल्यांचा पोरगा पुण्याला नोकरीला.
शुक्रवारी रात्री एकेक फोन येतो,
हळू आवाजात, जणू औषध मागवतायत:
"उद्या तू जाणारच आहेस ना, तर आमचाही..."
पाळकांना यातलं काही माहीत नाही.
कळवायचं नाही, असं चौघांनीही
वेगवेगळं बजावलंय.

गल्ल्यावर आता नातू बसतो, मुर्तझा.
"आंटी, दादाजी बोलते थे पहले एक जाता था.
अब चार? काम बढ़ गया आपका?"
म्हटलं, "हो रे, वाढलं."
"मशीन पे स्लाइस कर दूँ?"
"नको. मोडायचं काम
आमच्याकडे माणसं करतात."
तो हसला. मला नंतर, पायरी उतरताना
त्याचं काहीतरी झालं.

रिक्षात पिशवी मांडीवर.
चारही एकाच ट्रेमधले, खेटून फुगलेले.
ओढून सुटे केले तिथे कुशीला साल नाही,
बोट लागलं तर पांढरं, ओलसर, अजून गरम.
कुठला कुणाचा ते मी लिहून ठेवत नाही.

जेल रोडला सिग्नल लागला.
रिक्षावाल्याने मान वळवली:
"भूक लगा दी, आंटी. पहले किधर?"
मी तोंड उघडलं,
आणि मागचे हॉर्न वाजायला लागले.