शून्य त्रुटी

उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात
माळ्यावर जायला लोखंडी जिना आहे, अकरा पायऱ्यांचा.
माळ्यावर मी,
माझ्यापुढे बावीस दिवसांवर आलेली सीईटी.
खाली अब्बांचं लेथ फिरतं
आणि वर माझी वही त्याच तालात थरथरते.

पहिला धडा, मापन.
लांबी मीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये, काळ सेकंदांत.
एकक न लिहिता सोडलेलं उत्तर
म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, असं इनामदार सर म्हणतात.
गाळ्यात मात्र सूत चालतं, पॉइंट चालतो,
"पाच ठेव" म्हटलं की पाच काय ते कुणी विचारत नाही,
विचारणाऱ्याला चहा आणायला पाठवतात.

दुसरा, गती.
रंकाळ्याला सायकलवरून पूर्ण फेरी मारून
त्याच भेळगाडीशी परत आले
तर अंतर भरपूर, विस्थापन शून्य.
हे मला चटकन समजलं.
घर ते गाळा, गाळा ते घर, एकतीस वर्षं.
अब्बांना मी हा धडा वाचून दाखवला नाही.

तिसऱ्या धड्याच्या मध्येच वीज गेली.
मोटर गप्प झाली.
चक फिरतच राहिला अंधारात, कुणी ढकलत नसताना,
आणि खालून आवाज आला,
"पांडबा, हात आत घालू नको.
बंद झालंय असं वाटतं ना, तवाच बोट जातं."
मी मेणबत्ती लावली
आणि जडत्वाच्या व्याख्येपुढे पेन्सिलनं लिहिलं: बोट.

दिवाळीनंतर शिरोलीहून माल परत यायला लागला.
वीस मिलीमीटरच्या पिना,
प्रत्येक पिन तीन पॉइंटनं बारीक.
अब्बांनी पुन्हा केल्या. पुन्हा परत आल्या.
मग ते जेवताना बोलेनासे झाले,
भाकरी तोडताना मध्येच थांबून
बोटं डोळ्यांपुढे धरून बघायचे,
आणि एका संध्याकाळी गंगावेशीत जाऊन
चष्म्याला चारशे रुपये आगाऊ देऊन आले.

त्या रात्री माझ्या पुस्तकात होतं:
जबडे पूर्ण मिटल्यावर मापनी शून्य दाखवत नसेल
तर तिला शून्य त्रुटी आहे.
ती धन असेल तर प्रत्येक वाचनातून वजा करा.
मी अकरा पायऱ्या उतरले.
मायक्रोमीटर मखमली पेटीत होता, अब्बांच्या लग्नाआधीचा.
मिटवला. रॅचेट तीनदा टकटकलं.
रेघ शून्यावर नव्हती,
तीन घरं पुढे होती.

अब्बांनी तो दिव्याखाली धरला.
रॉकेलचं फडकं जबड्यांमधून ओढलं
तर फडक्यावर लाल.
खंडेनवमीला पांडबानं सगळ्या हत्यारांना
हळदकुंकू लावलं होतं, मन लावून,
यालाही, आतल्या बाजूनं.
कुंकू वाळून तीन पॉइंट जाडीचं झालं होतं.
म्हणजे पिन वीसची दिसायची
आणि असायची एकोणीस पूर्णांक सत्त्याण्णव.

"म्हंजे डोळं न्हवं," अब्बा म्हणाले.
पांडबा खाली मान घालून उभा.
त्याला कुणी काही बोललं नाही.
चष्मा तरीही आणला, चारशे रुपये गेले होते म्हणून,
आणि आता तो लावून ते
माझ्या वहीतली आकडेमोड उलटी धरून बघतात,
"हितं एकक ऱ्हायलंय" एवढंच सांगतात.
बरोबर असतं. राहिलेलं असतं.

आज सकाळी लेथ सुरू झालं, वही थरथरली.
चौथ्या धड्यातलं पहिलंच गणित:
एक ठोकळा उतरत्या पृष्ठभागावरून घसरत आहे,
घर्षण नगण्य माना.
खालून कटिंग ऑइलचा जळका वास वर आला,
पोलादावर टूल टेकल्याचा तो किरकिरा आवाज,
आणि तापलेला कीस पत्र्यावर पडल्याचा.
मानलं.
बावीस दिवसांपुरतं.