दोन बोटांचं मुद्दल

एकसष्टच्या जानेवारीत, ल्यूननबर्गमध्ये,
मासळीच्या कारखान्यातल्या यंत्राच्या चक्रात
एल्डन कॉर्कमच्या उजव्या हाताची करंगळी गेली,
आणि तिच्या शेजारचं बोट.
कंपनीने हिशेब केला: बोटाला पाचशे डॉलर.

काउंटरमागे मी. एकोणीस वर्षांची,
नोकरीचा तिसरा आठवडा, मनगटापर्यंत शाई.
त्याने चेक सरकवला. बँडेजला आयोडिनचा वास,
त्याखाली कॉडचा.
मागे बायको, आयडा, हिरव्या कोटात:
"हजारात बोटीला इंजिन येतं, एल्डन."
"बोटं देऊन बोट नको," तो म्हणाला.

मग मला विचारलं, हात नाही लावला तर दुप्पट कधी?
मी सहा टक्के धरले. बारा वर्षं, म्हटलं.
पहिल्या वर्षी साठ डॉलर व्याज,
दुसऱ्या वर्षी त्रेसष्ट साठ.
"हे वरचे तीन साठ कुठले?"
"व्याजाला झालेलं व्याज."
"म्हणजे नातवंडं," म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

उरलेल्या बोटांवर मोजलं त्याने:
अंगठा, त्र्याहत्तर, दोन हजार.
तर्जनी, पंच्याऐंशी, चार.
मधलं, सत्त्याण्णव, आठ.
मग हात थांबला. बँडेजकडे बघत म्हणाला,
"पुढचं त्या दोघांनी मोजावं, असतील तिथून."

नंतर काहीच घडलं नाही.
हेच सांगायचं तर आहे, आणि हेच सांगता येत नाही.
दर जानेवारीत तो यायचा, पासबुक छातीशी,
मी आकडा लिहायचे, तो ओला असताना फुंकर मारायचा.
व्याजदर हवेसारखे: कधी अठरावर चढले,
कधी तीनवर येऊन बसले;
त्याने दोनदा कागद बदलले, रक्कम नाही.
एका हिवाळ्यात छप्पर गळायला लागलं तेव्हा
आयडा एकटीच आली, पर्समध्ये पासबुक,
रांगेत उभी राहिली, आणि तिचा नंबर आल्यावर
माझ्याकडून फक्त कॅलेंडर मागून घेऊन गेली.

पावाचा भावही वाढत होता त्याच चालीने.
पावाला पासबुक नसतं, एवढंच.

ब्याण्णवात कॉड पकडायला बंदी आली.
जेटीवर माणसं खिशात हात घालून उभी.
एल्डन म्हणाला, खालीही एक खातं होतं, पोरी.
आपण व्याज खाऊन थांबलो नाही.
मला तेव्हा पन्नाशी लागली होती,
तरी पोरीच म्हणायचा.

मधलं बोट पुरं झालं. आठ हजार एकशे सत्तेचाळीस.
त्याने आकड्यावर फुंकर मारली.
शाई नव्हती आता, छापील होता.
पुढच्या मार्चमध्ये गेला.
कशासाठी साठवतोय, हे बोलला नाही कधी,
मीही विचारलं नाही. काउंटरवर विचारायचं नसतं.

परवा त्याची नात आली माझ्या घरी, केल्सी,
बर्फाचे बूट दारात, हातात कागद:
बत्तीस हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.
मी चष्मा लावून पाहिलं.
नुसतं गेल्या वर्षीचं व्याज अठराशे सदुसष्ट.
चार बोटांना थोडं कमी.
आणि त्यातले जवळजवळ पंचवीस हजार
तो मातीत गेल्यानंतरचे,
नसलेल्या माणसाच्या
नसलेल्या दोन बोटांवर मोजलेले.

"आजोबांच्या मनात काय होतं?"
मी चहा ओतला. माहीत नाही, म्हटलं.
तिने टेबलावर पंजा पसरला,
पाचही बोटं, अंगठीशिवाय,
आणि सहावी दुप्पट कुठे मोजायची
हे शोधत असल्यासारखी बघत राहिली.

खाली बंदरात कुणाची तरी बोट सुरू होत नव्हती.
दोरी ओढत होता कुणी,
थांबून, पुन्हा,
थांबून, पुन्हा.