किती, ते तू सांग

फतेगंजची लॅब, रात्रीचे साडेनऊ.
पंखा दोनवर; तीनवर गेला की बडबडतो.
काळा घोडा ते मुंजमहुडा, चार हजार आठशे घरांची जाळी,
आणि चाळिसाव्या पायरीला कुठल्यातरी एका घरात
आकडा मरतो.
मग शेजारच्याला लागण, मग त्याच्या शेजारच्याला.
एक्केचाळिसाव्या पायरीला विश्वामित्री उरतच नाही,
काठापासून काठापर्यंत नुसतं
आकडा नाही, आकडा नाही, आकडा नाही.

मी एकोणचाळिसाव्यालाच थांबवते तिला,
पाऊल उचललेलं, टेकायचं राहिलेलं.
डीबगरला म्हणते, खोली दाखव.
तो पत्ता देतो.
शून्य, एक्स, पाच, पाच, आठ, एक, पुढे बरंच काही.
पत्ता नको रे, आत काय आहे?
दोन पूर्णांक एकतीस, म्हणतो.
पहिल्या घरातलं पाणी. संपलं.
अख्ख्या पोळात पुढे कोणी राहतच नाही जणू.

कारखानीस सरांच्या कोडमध्ये हे नव्हतं.
त्यांनी पहिल्याच ओळीत ठणकावून लिहिलेलं: शंभर बाय शंभर.
नदीने मावायचं त्यात. मावायचीही, त्या काळी.
डीबगरला विचारलं की ओळीने सगळं म्हणून दाखवायचा,
पाढे पाठ असल्यासारखा.
ती ओळ मी खोडली. चालताना जागा माग,
लागेल तेवढी घे, काम झालं की परत कर.
फार शहाणपणाचं वाटलं होतं.
आता जागा आहे, दाराचा नंबर आहे,
आणि आत खोल्या किती, हे फक्त मागणारीला माहीत.

किंजल म्हणते, मॅडम, छापूनच टाकू ना बधं?
पहिल्या आठवड्यात तेच तर केलं.
आकडे धो धो वाहून गेले, हाती एक लागला नाही.

नावाआधी तारा, नावानंतर ॲट, आणि मग संख्या.
चार हजार आठशे, मी सांगते.
बरं, म्हणतो, आणि दोनशे दाखवून तीन टिंबं देतो.
मर्यादा काढ.
मग येते, ओळीमागून ओळ,
शून्य पूर्णांक चार, शून्य पूर्णांक सात, एक पूर्णांक दोन,
आणि मध्येच: शून्य, एकसष्ट वेळा.
एकसष्ट कोरड्या घरांवर त्याने एवढेच शब्द खर्च केले.
मला ते आवडलं.

परशुराम भट्टा कुठे येतं यात? किंजल विचारते.
नकाशावर बोट, पडद्यावर बोट. तीनशे बावीस.
तिथे शून्य.
शून्य कसं, मॅडम? पप्पांनी टीव्ही माळ्यावर चढवलेला.
मी म्हणते, एकपासून मोजलंस. शून्यापासून मोज.
तीनशे एकवीस: एक पूर्णांक नऊ.
ती उभी राहते, तळहात आडवा धरते कपाळाच्या जरा वर,
आणि त्याच्याकडे बघत राहते.
बाजूचं कोरडं ते महादेवाचं, म्हणते. त्याचा ओटा उंच आहे.

मग मी मुद्दाम एक जास्त मागते.
चार हजार आठशे एक.
तो अडवत नाही. एक अगडबंब आकडा आणून ठेवतो,
इतकं पाणी पावागडच्या डोक्यावरूनही जाईल.
ते आमचं नाहीच. भिंतीपलीकडे कोणीतरी
काहीतरी ठेवलंय, त्याला पाणी समजून
आमचा लूप रोज वाचत होता,
'पेक्षा लहान' च्या जोडीला मी एक 'किंवा बरोबर' लिहिला म्हणून.

दोन आडव्या रेघा. खोडल्या.
चाळिसावी पायरी गेली. एक्केचाळिसावी गेली.
किंजलने स्कूटरची किल्ली शोधली, मी पंखा बंद केला,
तरी तो बराच वेळ फिरत होता.
पुलावर तिने गाडी हळू केली.
खाली अंधारात काहीतरी सरपटत पाण्यात उतरलं.
मगर, ती म्हणाली.
किती, मी विचारलं.
एकच दिसली, मॅडम.