भाषांतर

पहिल्या रेल्वे गेटाजवळ, कॉफीच्या दुकानावरचा माळा.
साठ खुर्च्या, एक माईक, पुण्याहून आलेला एक पोरगा.
तिकीट दीडशे. निंगाप्पाचंही मीच काढलं.
उद्यमबागेत आम्ही एकाच फौंड्रीत.
तो बैलहोंगलकडचा; मराठी, म्हणतो, स्वल्प स्वल्प.

म्हणून एकेक विनोद मी त्याच्या कानात कन्नडमध्ये ओतत होतो,
साचा तोच, रस तेवढा जरा निवलेला.
सगळ्यांचं हसून झालं की तो हसायचा.

मग पोरगा पाट्यांवर आला,
कुठल्या पाटीला कोण काळं फासतं त्यावर.
माळा हलला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
मग त्यांच्या भाषेवर.
मग ती भाषा शिकवणाऱ्या आयांवर.

निंगाप्पा कान पुढं करून थांबलेला.

मी म्हटलं, तो सांगतोय,
खानापूरच्या बसात एका म्हाताऱ्यानं
बकरीचं हाफ तिकीट मागितलं.
निंगाप्पा हसला. इतका,
की पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून बघितलं.

परतताना दुसरं गेट पडलेलं.
मालगाडी संपता संपेना.
गाडीवर मागं बसून तो म्हणाला,
अगदी आमच्या मराठीत,
"बकरीचं बेस जुळवलास की रे."

मी डबे मोजत राहिलो.
सत्तेचाळीसपर्यंतचे आठवतात.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं,
त्या पोरानं जरा अतीच केलं म्हणे?
निंगाप्पा भाकरी मोडत होता.
मी म्हटलं, मला नका विचारू,
पाट्यांपर्यंत मी हसत होतो.