अक्षरामागे दोन पेन्स

सर अँब्रोज थ्रेलकेल्ड, चौथे बॅरोनेट,
सव्वीस वर्षं पार्लमेंटात आमच्या नावानं बसले.
‘बसले’ हाच शब्द बरोबर.
आता बाईसाहेबांनी मजकूर पाठवलाय,
काळ्या कडेच्या कागदावर, एकशे एकेचाळीस अक्षरं.
अक्षरामागे दोन पेन्स, सालाचे आकडे त्याच भावात,
स्वल्पविराम फुकट.

दगड त्यांच्याच खाणीतला,
हॅरोथ्वेटच्या डोंगरातला, निळसर, पापुद्र्यांचा,
ज्याची छपरं होतात, ज्याच्या पाट्या होतात.
सातव्या वर्षी मी त्याच्या चिपा वेचायचो.
बोटांना चिरा, चिरांत भुकटी,
आणि साहेब घोड्यावरून गेले
की मागे पेपरमिंटचा वास.
वाईट नव्हता माणूस.
आमच्याकडे बघायचा नाही, एवढंच.
आभाळाकडे बघायचा.
हिरवळीवर पितळी नळकांडं; रोज सकाळी आठला
किती पाऊस पडला ते वहीत.
वडील गेले त्या दिवशीही : इंचाचा तिसरा हिस्सा.

मग ते बिल आलं.
दहा वर्षांखालचं पोर खाणीत नको, शाळेत हवं.
साहेबांचा विरोध. सगळ्याच खाणमालकांचा होता.
मताला तिथं दोन दारं असतात म्हणे,
एक होयचं, एक नाहीचं;
हात वर करायचा नाही, चालत जायचं.
रात्रीचा एक. जेवण जड. अंगठा सुजलेला.
साहेब बाकावर पेंगत होते, घंटेनं दचकले
आणि समोरच्या रुंद पाठीमागे चालू लागले.
पाठ चुकीची होती.

हे मला त्यांच्या कोचमननं सांगितलं, इसाक फॉसेटनं.
गाडीत चढताना पुटपुटले, मी भलत्याच दारातून गेलो.
यानं विचारलं, वळवू का गाडी?
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, पाऊस आहे. घरी चल.

बिल एकोणीस मतांनी पास झालं.
म्हणजे त्यांच्या मतानं काही अडलं नव्हतं,
असं माझी बायको म्हणते. तिचा हिशेब पक्का.
पण गावाला कुठं ठाऊक!
गावानं मधाचं मडकं नेऊन दिलं,
लोकरी मोज्यांचे चार जोड.
साहेब लाल झाले. घेतलं. बोलले नाहीत.
पुढच्या साली शाळेला छप्पर घातलं.
नाताळाआधी यायचे, मागच्या बाकावर बसायचे,
पोरं पाढे म्हणायची तशी मान हलवायचे,
घरात शिरलेल्या चोराला
पाहुणा समजून जेवायला वाढावं, तसा चेहरा.

मी तिथंच अक्षरं शिकलो.
पाटीवर. याच दगडाच्या.

मजकुराची शेवटची ओळ : ‘बालकांचा कैवारी’.
तिथं छिन्नी तीन दिवस अडली.
खोटं कोरायला माझी ना नाही.
किती प्रेमळ नवरे मीच कोरलेत,
भिंतीपलीकडून त्यांची भांडणं ऐकलेली असताना.
पण हे खोटं आहे का, तेच कळेना.
चूक होते. ती तशीच राहू देणं,
मग हळूहळू तिच्या मापाचं होत जाणं,
लोकांनी दिलेले मोजे घालून,
याला काय म्हणतात
तो शब्द मास्तरांनी शिकवला नव्हता.

काल कोरून टाकली.
पावसाच्या वहीतली शेवटची नोंद मोलकरणीच्या हातची आहे :
‘आज मोजला नाही. पुष्कळ पडला.’
दगडावरही पडला. भिजला की तो काळा होतो,
अक्षरं उठून दिसतात.

माझं बिल हवेलीवर पाठवलंय.
अजून पास व्हायचंय.