पाचवी कमान

लेंडी नाल्यावरच्या पुलाची मापं घ्यायला आलो,
चैत्रात, पात्र कोरडं असताना.
छोट्या लाइनचे रूळ कधीच निघालेत.
स्लीपरांच्या खाचांत तरोट्याची वाळकी काटकं.

सात कमानी, काळ्या दगडाच्या.
कंपनीच्या नकाशात सातही सारख्या, वीस फूट.
फीत म्हणते, पाचवी चार बोटं कमी.
पुन्हा लावली. कमीच.

फॉर्मवर रकाने आहेत :
वर्ष, कंपनी, चुन्याचा प्रकार, पडझड.
सांध्यात नख घालून पाहिलं.
नख झिजलं.

शेळ्यांमागून आलेली नरसूबाई धोत्रे म्हणाली,
"उभ्यानं नाई दिसत बाप्पा. उताना झोपून पाय."

झोपलो वाळूत.
खांबाचा गुडघ्याएवढ्या उंचीवरचा थर
जरा पुढं आलेला, त्याच्या पोटाला
छिन्नीनं काढलेला मासा, करंगळीएवढा.
डोळ्याच्या जागी एकच टोचा.
दर पावसाळ्यात पहिलं गढूळ पाणी
त्याच्याच तोंडात जात असणार.

"आमच्या पाट्यावरबी हाच हाये.
आजेसासऱ्याच्या घरची खून."

आणि ही चार बोटं?
ती फिस्सकन हसली.
"मोजनारा सायेब वाकत नोयता म्हन्तेत."

शेवटचा रकाना : सध्याचा वापर.
'नाही' लिहिलं.
पाचव्या कमानीच्या सावलीत
अकरा शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या.
'नाही' खोडलं,
अकरा लिहिलं.

माशासाठी रकाना नव्हता.
उठलो तेव्हा शर्टाच्या पाठीवर
नाल्याची वाळू होती; झटकली नाही.