उताऱ्यात नाही

पीटरहेडच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी सात ते साडेआठ.
हीटर फक्त खिडकीला ऊब देतो.
आम्ही सहाजण, तीनतीनदा साबण लावून आलेले,
तरी कागद हातात घेतला
की कागदाला हॅडॉकचा वास.

एल्स्पेथबाई उतारा वाटतात. अकरा ओळी.
मिस्टर बुकननी टेबलावर दोन कप मांडले.
घड्याळाकडे पाहिलं. पाऊस थांबला होता.
मग एक कप उचलून परत कपाटात ठेवला.
प्रश्न चौथा : यावरून काय समजतं?

मी ओळीवरून बोट फिरवते,
सोललेल्या मासळीत काटा चाचपावा तसं.
शब्दकोशात सगळे शब्द सापडले,
कप, कपाट, परत,
सगळे सापडले आणि हाती काहीच लागलं नाही.

ओस्ताप म्हणतो, कपाला तडा गेला असेल.
घियाथ म्हणतो, छे, तो कप चांगला होता,
चांगली भांडी पाहुण्यांसाठी राखून ठेवतात.
मग पाहुणा कोण? आम्ही विचारतो.
तो खांदे उडवतो.
लेतेब्रहान बराच वेळ गप्प.
पेन्सिलीचं टोक बघत म्हणते,
बायको वारलीये. डोक्याला माहीत आहे.
हाताला अजून माहीत नाही.

इतकं इंग्रजी ती एका दमात
पहिल्यांदाच बोलली.
क्रियापद चुकलं होतं. कुणी सुधारलं नाही.

उत्तरसूचीत आहे ब : पाहुणा येणार नाही.
एल्स्पेथबाई सूची पालथी घालतात,
चष्मा पुसतात. स्वच्छच होता तो.
मग नेहमीचं वाक्य :
पुरावा उताऱ्यातून द्या.
म्हणजे शितावरून भात ओळखायचा, कबूल,
पण शीत त्याच पातेल्यातलं हवं.
घरून पदरात बांधून आणलेलं
इथे चालत नाही.

निघताना जिन्यात मी त्यांना सांगते,
मला हे जमायचं नाही, बाई.
मला मासे कळतात.
कल्ल्याचा रंग, डोळ्याचा फुगवटा पाहून
सांगेन बर्फात किती दिवस होता,
जाळ्यात किती वेळ घुसमटला,
खलाशांना त्या दिवशी घाई होती की नाही.
त्या कठड्याला धरून थांबतात.
अगं, म्हणतात, मग मी गेले वर्षभर
तुला काय शिकवतेय?

गुरुवारी कँटीनच्या फळ्यावर कागद.
शुक्रवारची पाळी पुढील सूचनेपर्यंत होणार नाही.
आपल्या मेहनतीचं कंपनीला मोल आहे.
खाली सही, निळ्या शाईत, घाईची.

मी मंगळवारी शिकायला जाते
म्हणून सगळे माझ्याकडे बघतात.
काय म्हणतायत?

शब्द सगळे ओळखीचे. एकही कडक नाही.
शुक्रवारपलीकडे एक शब्द नाही.
पण धार लावायला गेलेल्या सुऱ्या
दोन आठवडे झाले, परतल्या नाहीत.
हातमोज्यांचा नवा खोका आला नाही,
आणि मुकादम मॅकी,
ज्याने चार वर्षांत माझं नाव
एकदाही धड घेतलं नव्हतं,
परवा दारात थांबून म्हणाला,
दांगुओले, बरी आहेस ना?
अगदी बरोबर उच्चारलं. सराव केल्यासारखं.

यातलं काहीच उताऱ्यात नाही.
मी कागद पुन्हा वाचते,
बोट फिरवत, शेवटच्या टिंबापर्यंत.
मागे बर्फाच्या यंत्राची घरघर.
कुणीतरी रबरी बूट आपटतं.

मग मी वळते
आणि बाईंनी शिकवलं तसं
पूर्ण वाक्यात उत्तर देते.

कुणी पुरावा मागत नाही.